चित्रकलेची बाराखडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलवावी, तिचे विचार ऐकावे, अशी आपली दरवर्षीची पद्धत. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठमोठे विचार माझ्याजवळ नाहीत. गेल्या वर्षभरात माझ्या घरात जे शिकणे चालले आणि त्यात मीही हात घातला, तेवढेच सांगते. विषय आहे चित्रकलेचे पहिले धडे. शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवणार आहे. पटली तर घ्यावी, न पटली तर मोकळेपणी तसे सांगावे.

आमची थोरली बारावी झाली आणि चित्रकलेच्या महाविद्यालयातच नाव घालीन म्हणून बसली. शाळेत असताना तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासनाच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. तोवर घरात कौतुकच होते. पण चार वर्षांची पदवी म्हटल्यावर घरात दोन तट पडले. मामंजी म्हणाले, "हौस निराळी आणि शिक्षण निराळे. चित्र काढायला कॉलेज कशाला?" भाऊजींचे म्हणणे, नोकरी कुठे मिळणार? पुतण्या तर म्हणाला, "काकू, आता यंत्राला चार शब्द सांगितले की ते घटकेत चित्र काढून देते. चार वर्षे कोण घालवतो?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनात मुलीच्या लग्नाचा खर्च होता. कन्या मात्र हटेना. प्रवेशासाठी वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान अशी परीक्षा असते, ती देऊन ती पासही झाली.

अखेर आमच्या ह्यांनी तोड काढली. एक वर्ष घालू. वर्षाच्या शेवटी पाहू, की हे खरोखर शिकणे आहे की नुसता खेळ. पण पाहायचे कोणी? हे सकाळी सातलाच सातपूरला कामावर जातात. मामंजींना दिसायला कमी. तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी ठरवले, की नुसते लांबून पाहून मला काय कळणार? ती जे घरी करील ते मी तिच्या शेजारी बसून करून पाहीन. दुपारची झाकपाक झाली की एक तास, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास. असे वर्ष गेले.

पदवीच्या ह्या पहिल्या वर्षाला तिकडे 'फाउंडेशन' म्हणतात, म्हणजे पायाभरणी. पुढे कोणी रंगचित्रकार होईल, कोणी जाहिरातीचे काम करील, कोणी कापडावरची नक्षी काढील, पण पाया सगळ्यांचा सारखा. तिच्या कलेच्या इतिहासाच्या वहीत वाचले, की अशी निराळी पायाभरणी जर्मनीत वायमार गावी १९१९ साली निघालेल्या बाउहाउस नावाच्या शाळेत योहानेस इटेन ह्या शिक्षकाने सुरू केली. आधी रेघ, आकार, छटा, रंग आणि कागद, लाकूड, कापड ह्यांचे गुण ओळखायचे. मग ज्याचा त्याचा धंदा. आपल्याकडे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्याच्याही आधीचे, १८५७ सालचे. नाव जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या देणगीमुळे मिळाले. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात चित्रकला शाळेत बसून शिकण्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. मामंजींना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "असेल, बुवा."

आता धड्यांकडे वळते.

पहिला धडा रेघेचा. टू-बी पेन्सिल, कागद आणि पाटी. पाटी म्हणजे कागद लावायचा लाकडी फळा. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, गोल. पट्टी नाही, कंपास नाही. मनगट टेकून काढली की रेघ आखूड आणि भित्री येते. खांद्यापासून हात हलवला की लांब आणि सरळ येते. हा धडा आपल्याला फारसा जड नाही, कारण रांगोळीची चिमूट सोडताना आपला हात असाच खांद्यापासून फिरतो. ठिपक्यांच्या रांगोळीत अंतर सारखे राखायला डोळाही तयार झालेला असतो. वर्गातल्या मुलांना जे आठवडा आठवडा गिरवावे लागते, ते आपल्या बोटांत आयते आहे, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरा धडा वस्तुचित्राचा. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा हंडा आहे. तो चौरंगावर ठेवला. हंड्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण समोर बसून पाहिले तर ते गोल दिसत नाही, चपटे लंबगोल दिसते. हंडा उचलून डोळ्यांच्या सरळ रेषेत धरला तर तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. खाली ठेवीत जावे तसे ते गोलाकडे जाते. म्हणून वरून पाहताना हंड्याच्या बुडाची कड तोंडापेक्षा जास्त बाकदार काढावी लागते. शिकवणारे म्हणतात, "जे ठाऊक आहे ते काढू नका, जे दिसते ते काढा." हे वाक्य सगळ्या वर्षाचे सार आहे म्हणा ना. वीस वर्षे मी तो हंडा घासला, त्याचे वजन, त्याचा पोचा सगळे मला पाठ; पण तो दिसतो कसा, ते त्या दुपारी पाहिले.

माप घेण्याची रीतही साधी आहे. हात पुरता ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून हंड्याची रुंदी त्याच्या उंचीत किती वेळा बसते ते मोजायचे. हात वाकला की माप बदलते. आणि आणखी एक युक्ती: वस्तू काढायची नाही, तिच्या भोवतीची मोकळी जागा काढायची. कपाच्या कानामधली जागा, खुर्चीच्या पायांमधली जागा. ती बरोबर आली की वस्तू आपोआप बरोबर येते. कापड बेतताना गळ्याचा आकार आपण असाच, काढून टाकायच्या तुकड्यावरून पाहतो की नाही?

तिसरा धडा उजेड आणि सावलीचा. खिडकी एकच उघडी ठेवायची आणि हंडा पाहायचा. उजेड पडतो तिथे एक झळक, मग तांब्याचा खरा रंग, मग मंद छाया, मग गर्द पट्टा. त्याच्या पलीकडे अगदी कडेला पुन्हा थोडा उजेड असतो. तो भिंतीवरून उलटून येतो. शेवटी चौरंगावर पडलेली सावली. ही कडेची उजळ रेघ राखली नाही तर हंडा गोल दिसत नाही, कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ह्याची तयारी म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पट्ट्या रंगवायच्या असतात, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा नेमकी एक पायरी गडद. ऐकायला सोपे वाटते. पण मधल्या तीन पट्ट्यांसाठी माझी आणि कन्येची मिळून चार दुपारी गेल्या.

चौथा धडा रंगांचा. तांबडा, पिवळा, निळा हे मूळ तीन. दोन दोन मिसळून नारिंगी, हिरवा, जांभळा. रंगांचे चाक काढले की तांबड्यासमोर हिरवा येतो, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. समोरासमोरचे रंग एकमेकांत कालवले तर दोघांचाही तोरा उतरतो आणि करडा, मातकट रंग तयार होतो. पण शेजारी शेजारी ठेवले तर दोघेही खुलतात. हळदी रंगाच्या साडीला जांभळा काठ का उठून दिसतो, हिरव्या खणाला तांबडी किनार का शोभते, ह्याचे उत्तर त्या चाकात आहे. आपल्या आज्यांनी चाक पाहिले नव्हते, पण निवड त्याच नियमाची केली.

ह्या शेजारधर्माची एक गोष्ट मला फार आवडली. फ्रान्समध्ये पॅरिसला गोबेलँ नावाचा गालिचे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तिथे रंगखात्यावर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. तक्रार आली, की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागा तपासला तर त्यात दोष नाही. दोष शेजारच्या रंगांचा! जवळ कोणता रंग आहे त्यावर डोळ्याला तोच काळा निरनिराळा दिसत होता. ह्यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला. पाहा, चित्रकारांना धडा मिळाला तो विणकामातून. आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी घ्या. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे. म्हणून पदर हलला की रंग पालटतो. येवल्याच्या विणकराला हे रंगशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातात आहे.

पाचवा धडा जलरंगाचा. तो सगळ्यांत कठीण. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरा राखायचा असतो. आधी फिके, मग गडद. एकदा गडद झाले की मागे फिरणे कठीण. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) ह्या आपल्या सावंतवाडीकडच्या चित्रकारांचे एक चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिले असेल. हातात समई धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी बाई. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. हळदणकरांनी ते १९४५–४६ च्या सुमारास जलरंगात केले आणि समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. त्या बोटांतून झिरपणारा उजेड हा रंगाचा नाही, राखलेल्या कागदाचा आहे, हे कळल्यावर मी ते चित्र पुन्हा काढून पाहत बसले.

आपल्या नाशकात जलरंगाला घरचेच अंगण आहे. कै. शिवाजी तुपे ह्यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी हे गाव रंगवले. कन्येला निसर्गचित्रासाठी गंगेवर जावे लागे, तेव्हा रविवारी सकाळी मीही बरोबर जात असे. घाटाच्या पायऱ्या खरे तर समांतर आहेत, पण दूर जाताना त्यांच्या रेघा जवळ जवळ येतात आणि डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूला मिळतात. खालच्या पायरीवर बसले की तो बिंदू खाली येतो, वर पुलावर उभे राहिले की वर जातो. दुतोंड्या मारुतीचा शेंदूर जवळून तांबडा लाल, पण लांबून पाहिला तर थोडा मावळलेला. रामशेजचा डोंगर हिरवा असूनही दुरून निळसर, कारण मधली हवा त्यावर पडदा धरते. काळारामाचे देऊळ काळ्या दगडाचे खरे, पण सकाळच्या उन्हात त्या दगडात जांभळट, तपकिरी, निळा किती रंग दिसतात! डबीतला काळा रंग घेऊन ते देऊळ रंगवता येत नाही. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना नावाचा तपकिरी कालवला की तो दगड सापडतो.

स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीने काढायचे. विषय देतात, जसा भाजीबाजार. ह्यासाठी रोज रेखाटने करावी लागतात. बसस्थानकावर, बुधवारच्या बाजारात, घरात. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान कशी ताठ असते, कडेवर मूल घेतले की कंबर कोणत्या बाजूला जाते, हे मुलीला पाहून यावे लागे. मला मात्र विचारले की मी उभी राहून दाखवीत असे. आमच्या मामंजींचीही पाळी आली. "चष्मा काढू की ठेवू?" असे विचारून ते चाळीस मिनिटे हलले नाहीत. मधे फक्त चहा मागितला.

भगिनींनो, कोणी म्हणेल ह्या मोठ्या गोष्टी, आपला ह्याच्याशी काय संबंध? मी म्हणते, संबंध जुना आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि ठाणे-पालघरकडे वारली लोकांत लग्नाचा चौक भिंतीवर सवाशिणी लिहीत. गेरूवर तांदळाच्या पिठाने, नुसते गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघ. संकल्पचित्राच्या वर्गात आज हेच आकार पहिल्यांदा शिकवतात. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे ह्यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच्या आधी कित्येक पिढ्या ती बायकांच्या बोटांत होती आणि त्यातल्या एकीचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही.

शाळेची दारे बायकांना उघडली तीही हळूहळू. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) ह्यांनी १९३१ साली जे. जे. ची पदविका मिळवली. गोव्याकडच्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) ह्याही तिथेच शिकल्या. दोघी गुणी होत्याच. पण दोघींचे वडील नामांकित चित्रकार होते, म्हणून घरातून विरोध नव्हता. बाउहाउसच्या शाळेने तर आम्ही मुलगे-मुली भेद करणार नाही असे सांगितले आणि मग बहुतेक मुलींना विणकामाकडे लावून दिले. त्यातलीच ॲनी अल्बर्स. तिने विणकामच असे केले, की १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. आज ज्या मुलीचे वडील कारखान्यात आहेत आणि आई सातवी शिकलेली आहे, ती परीक्षा देऊन त्याच पायरीवर चढते. हे दार उघडायला शंभर वर्षे लागली. ते आपण आपल्या हाताने लावू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता घरच्या निकालाचे सांगते. चैत्रात मामंजींनी विचारले, "काय ठरले?" मी भाषण केले नाही. कन्येने पहिल्या महिन्यात काढलेला हंडा आणि वर्षअखेरीस काढलेला हंडा शेजारी शेजारी ठेवले. मामंजींचे सारे आयुष्य भांडी बाजारात दुकानावर गेले. त्यांनी दुसरे चित्र खिडकीशी नेले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "हा ठोक्याचा हंडा आहे. हातोडीचे ठोके दिसताहेत. पहिल्यात हे नव्हते." मग थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षाची फी केव्हा भरायची?" सगळेच सुटले असे नाही. भाऊजींना नोकरीची काळजी आहे आणि ती खोटी नाही. चित्रकला शिक्षकांच्या जागा मुबलक नाहीत, आणि जाहिरात, छपाई, कापड, संगणक ह्या धंद्यांत हात चांगला असेल त्यालाच काम मिळते. रंगांचा आणि कागदाचा खर्च आहे. तो मी ह्या वर्षी माझ्या भिशीतून केला. पण आता घरात "हा खेळ आहे" असे कोणी म्हणत नाही. पुतण्याला मी सांगितले, "यंत्र चित्र देईल, बाळा. पण हंडा ठोक्याचा की साच्यातला, हे ओळखणारा डोळा ते तुला देणार नाही. तो बसून मिळवावा लागतो."

म्हणून माझी सूचना. संक्रांतीला आपण वाण लुटतो. डब्या, वाट्या, चाळण्या सगळ्यांच्या घरी पुरेशा झाल्या आहेत. पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या वतीने वाण म्हणून एक चित्रवही, एक टू-बी पेन्सिल आणि खोडरबर द्यावे. आणि त्यानंतर तीन महिने, दर बुधवारी दुपारी अडीच ते साडेचार, ह्याच सभागृहात वर्ग चालवावा. आमची कन्या पहिले चार वर्ग घ्यायला तयार आहे. पुढे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक आपल्या भागात आहेत, त्यांना विनंती करू. रंग लगेच नकोत. आधी रेघ, मग वस्तू, मग छाया. घरातलीच भांडी, घरातलीच भाजी. वांगे, कांदा, ढोबळी मिरची ह्यांच्याइतके चांगले नमुने कॉलेजातही मिळत नाहीत. आणि वर्ग संपल्यावर त्यांची भाजी करता येते.

"आता ह्या वयात हात कुठला वळणार?" असे दोघीतिघींनी मला आधीच विचारले आहे. त्यांना माझे उत्तर असे, की करंजीची मुरड ज्या हाताने घालता येते, त्या हाताला रेघ जड नाही. वळवायचा आहे तो डोळा, आणि त्याला वयाची अट नाही. शिवाय ज्यांच्या मुली-सुना असे काही शिकायचे म्हणत असतील, त्यांना हो म्हणण्याआधी किंवा नाही म्हणण्याआधी ते काय आहे हे स्वतः करून पाहता येईल. ऐकीव गोष्टीवर मुलीचा निकाल लागू नये.

अध्यक्षीणबाईंनी ही सूचना पुढच्या बैठकीत घ्यावी, अशी विनंती करते. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना वर्गाला यायचे असेल त्यांनी जाताना नाव लिहावे. पहिले नाव सासूबाईंनी सकाळीच माझ्याकडून लिहून घेतले आहे.